चाळीस फुटी कंटेनर डॉकला लावायला शिकताना

पाच वर्षे मी डॉकच्या, म्हणजे गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याच्या, आतल्या बाजूला उभा राहून काम केले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका गोदामात मालाच्या चढ-उताराची नोंद ठेवण्याची माझी नोकरी होती. शटर वर गेले की समोर कंटेनरची उघडी दारे दिसायची आणि तो कंटेनर तिथवर कसा आला असेल, असा विचारही मनात यायचा नाही. एखाद्या ड्रायव्हरला गाडी लावायला वेळ लागला, तर आतून ओरडणाऱ्यांमध्ये मीही असायचो. त्याची आता मनापासून खंत वाटते. गेले वर्षभर मी डॉकच्या बाहेरच्या बाजूला आहे. शिकत असताना मला जे कोणी नीट समजावून सांगावे असे वाटत होते, ते तारखांसह आणि खर्चासह इथे लिहून ठेवत आहे.

जून २०२४ मध्ये मी कंटेनर वाहून नेणारा ट्रेलर चालवायला शिकायचे ठरवले. गंगापूर तालुक्यातील आमच्या गावी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. कापूस आणि तूर एवढ्यावर घर चालत नाही आणि कारकुनीचा पगार साडेसोळा हजारांवर थांबला होता. माझ्याकडे २०१८ पासून हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता. मालवाहू म्हणजे परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो आणि वय वीस पूर्ण असावे लागते. या दोन्ही अटी मी पूर्ण करत होतो. घरी वडिलांना हे पटले नव्हते. ड्रायव्हरकीत माणूस घरचा राहत नाही, एवढेच ते म्हणाले आणि पुढे त्यांनी विरोध केला नाही.

८ जुलै रोजी मी सारथी संकेतस्थळावर अर्ज भरला. परिवहन वाहनासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. बजाजनगरमधील एका डॉक्टरांनी डोळे, कान, रक्तदाब आणि रंग ओळखण्याची क्षमता तपासून ते दिले आणि तीनशे रुपये घेतले. पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरपाटी वाचता येते की नाही, हा प्रश्न त्या नमुन्यात असतो. ज्यांना चष्मा लागण्याची शंका आहे, त्यांनी आधी डोळे तपासून घ्यावेत, म्हणजे फेरी वाया जात नाही. शिकाऊ परवान्याचे शुल्क १५० रुपये, पुढे प्रत्यक्ष चाचणीचे ३०० रुपये आणि जुन्या परवान्यावर नवा वर्ग चढवण्याचे ५०० रुपये असे आकडे माझ्या पावत्यांवर आहेत. आधारवरील नाव आणि परवान्यावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असल्याने माझा पहिला अर्ज परत आला. तो दुरुस्त करून १५ जुलैला शिकाऊ परवाना हातात पडला. तो सहा महिने चालतो, पण मिळाल्यापासून तीस दिवस पूर्ण झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही.

मधल्या काळात ड्रायव्हिंग स्कूल लावणे भाग होते, कारण परिवहन वाहनासाठी मान्यताप्राप्त स्कूलचे नमुना ५ मधील प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यांनी तेरा हजार रुपये घेतले. रोज सकाळी सहा वाजता सहाचाकी ट्रकवर अर्धा तास मिळायचा आणि त्या अर्ध्या तासात आम्ही तिघे वाटेकरी असायचो. गिअर, क्लच, चढावर गाडी धरणे आणि वळणावर मागच्या चाकांसाठी जागा सोडणे हे तिथे चांगले शिकवले, मात्र ट्रेलर त्या स्कूलकडे नव्हताच. मी विचारल्यावर, आधी परवाना हातात येऊ द्या, ट्रेलर रस्त्यावर आपोआप येतो, असे उत्तर मिळाले. तो आपोआप येत नाही, हे मला पुढे कळले.

२ सप्टेंबरला पोळा होता, म्हणून गावी गेलो. संध्याकाळी मिरवणुकीहून बैल परत आणल्यावर वडिलांना रिकामी बैलगाडी गोठ्याशेजारच्या चिंचोळ्या जागेत मागे घ्यायची होती. सणाच्या दिवशी बैलांना जुंपायचे नाही म्हणून ती त्यांनी आणि मी हातानेच ढकलली. मी घाईने जू धरून ढकलू लागलो, तेव्हा गाडीचे मागचे टोक भिंतीकडे गेले. वडिलांनी मला थांबवले, गाडी पुन्हा बरीच पुढे ओढायला लावली, चाके गोठ्याच्या तोंडाशी सरळ रेषेत आणली आणि मगच ढकलायला सांगितले. त्यानंतर ती जवळजवळ न वळवता आत गेली. "मागं घ्यायचं ते नंतर. आधी कुठून घ्यायचं ते बघ," असे ते म्हणाले. त्या दिवशी हे वाक्य मला गोठ्यापुरतेच वाटले होते.

त्या वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या होत्या. त्या सुमारास चाचणीच्या वेळा मिळणे अवघड झाले होते. मला १९ सप्टेंबरची वेळ मिळाली. चाचणी साध्या ट्रकवर झाली. पुढे नेणे, थांबवणे, चढावर सुरू करणे आणि ठरावीक जागेत मागे घेणे एवढे पाहिले गेले. मी उत्तीर्ण झालो. ९ ऑक्टोबरला एमएच-२० च्या, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या, परिवहन कार्यालयातून परवान्याचे कार्ड टपालाने घरी आले. त्या दिवशी माझ्याकडे अवजड वाहन चालवण्याचा कायदेशीर अधिकार होता, परंतु ट्रेलर दहा फूटही मागे घेण्याची पात्रता नव्हती. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे नव्याने शिकणाऱ्याने स्वतःला स्पष्ट सांगावे. कार्ड आले म्हणून कोणी लगेच स्टेअरिंग हाती दिले, तर घेऊ नये.

गोदामातल्या जुन्या ओळखीमुळे चार ट्रेलर असलेल्या एका छोट्या वाहतूक व्यावसायिकाकडे मी १४ ऑक्टोबरपासून क्लीनर म्हणून लागलो. दिवसाला साडेचारशे रुपये आणि जेवण मिळत असे. नोकरी सोडून क्लीनर झालो, हे पहिले दोन महिने मी नातेवाइकांना सांगितले नाही. ज्यांच्या गाडीवर मला बसवले, ते कन्नडकडचे साठीला टेकलेले ड्रायव्हर होते आणि सगळे त्यांना चाचा म्हणत. वाळूज किंवा शेंद्रा येथे माल भरायचा, अहिल्यानगर, पुणे करत न्हावाशेवा बंदराला जायचे आणि परतीला रिकामा किंवा आयातीचा डबा आणायचा, असा आमचा फेरा असे. कंटेनरला सगळे डबाच म्हणतात आणि पुढच्या ओढणाऱ्या भागाला घोडा.

पहिला महिना चाचांनी मला फक्त जोडणी शिकवली. घोड्याच्या पाठीवर खोबणीची जाड लोखंडी चकती असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात. ट्रेलरच्या पोटाखालचा पोलादी खुंटा, म्हणजे किंगपिन, त्यात जाऊन अडकतो. सगळी गाडी याच एका सांध्यावर वळते. अडकल्याचा आवाज आला म्हणून चाचा कधी समाधान मानत नसत. बॅटरी घेऊन खाली वाकून कुलूप बंद झाल्याचे डोळ्यांनी पाहत आणि ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून खात्री करत. मग हवेचे पाइप आणि विजेची केबल जोडायची, ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायचे आणि हवेचा दाब पुरेसा चढेपर्यंत गाडी हलवायची नाही. हवा पुरवणारा लाल पाइप सुटला तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. एकदा माझ्या हातून तो नीट बसला नव्हता आणि गाडी जागची हलेना, तेव्हा त्या रचनेमागचा विचार मला समजला.

१० नोव्हेंबरच्या रविवारपासून मागे घेण्याचा सराव सुरू झाला. मालकांनी पार्किंगची मोकळी जागा वापरू दिली. डिझेल मी भरायचे, असे ठरले. चाचांनी फक्कीने जमिनीवर बारा फुटांच्या अंतराने दोन रेघा ओढल्या आणि त्यांच्या टोकाला चार रिकामे प्लास्टिकचे पिंप ठेवले. कंटेनरची रुंदी आठ फूट आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात. कागदावर हे पुष्कळ वाटते, पण आरशात ते बोटभर दिसते.

मी लहानपणापासून ट्रॅक्टरची दोनचाकी ट्रॉली मागे घेत आलो आहे, म्हणून मला आत्मविश्वास होता. स्टेअरिंग डावीकडे फिरवले की ट्रॉलीचे शेपूट उजवीकडे जाते, हे उलटे गणित माझ्या हाताला ठाऊक होते. तरीही पहिल्या रविवारी मी तीन पिंप पाडले. कारण ट्रॉली आखूड असते आणि लगेच वळते. चाळीस फुटी ट्रेलर स्टेअरिंग फिरवल्यावर काही क्षण वळतच नाही. आपल्याला वाटते की कमी पडले, म्हणून आपण आणखी फिरवतो आणि मग ते सगळे वळण एकदम येते. घोडा आणि डबा यांच्यातला कोन इतका वाढतो की घोड्याचा मागचा कोपरा डब्याला भिडायला येतो. याला गाडी दुमडणे म्हणतात. एका मर्यादेपुढे मागे जात राहून ती सरळ होत नाही, पुढेच घ्यावी लागते. उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेला ट्रॅक्टर कोणी सहसा मागे घेत नाही, कारण तिथे सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा मागच्याचे वळण उलटवतो. ट्रेलरला सांधा एकच आहे, त्यामुळे हे काम शिकता येण्यासारखे आहे, असे मी स्वतःला वारंवार सांगत असे.

चाचांच्या शिकवण्यातून जे माझ्या हाताला लागले, ते असे. स्टेअरिंग तळाशी धरायचे. मग हात ज्या बाजूला सरकेल त्या बाजूला ट्रेलरचे शेपूट जाते आणि डोक्यात उलटे गणित मांडावे लागत नाही. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवायचाच नाही. रिव्हर्स गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला की गाडी इंजिनच्या संथ गतीवर सरकते आणि तेवढा वेग पुरतो. गाडी उभी असताना स्टेअरिंग मुरगळायचे नाही, किंचित तरी सरकत असतानाच फिरवायचे, नाहीतर टायर घासतात आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर ताण येतो. डब्याच्या कोपऱ्याकडे पाहत बसायचे नाही, ट्रेलरच्या मागच्या चाकांकडे पाहायचे, कारण ट्रेलर त्या चाकांभोवती फिरतो. चाके जिथे जातील तिथे शेवटी डबा जातो. आणि सरळ मागे जाताना ज्या आरशात डबा जास्त दिसू लागेल, त्याच बाजूला स्टेअरिंग थोडेसे फिरवायचे, की तो पुन्हा रेषेत येतो. हे शेवटचे वाक्य मी एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवले होते.

वळवून लावण्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ट्रेलर वळवायचा आणि दुसऱ्या भागात घोडा त्याच्यामागे आणायचा. चाचा याला "आधी उलटं, मग सुलटं" म्हणत. बहुतेक शिकाऊंचे, माझेही, लक्ष पहिल्या भागातच अडकते. ट्रेलर डॉककडे वळलेला पाहून आपल्याला बरे वाटते आणि स्टेअरिंग तसेच राहते. ट्रेलर अर्धा वळला असतानाच उलट फिरवायला सुरुवात करावी लागते, कारण गाडी उशिरा ऐकते. किती आधी, हे कोणी सांगू शकत नाही. ते मला सहाव्या रविवारी पहिल्यांदा कळले आणि सातव्या रविवारी पुन्हा हरवले.

डिसेंबरच्या मध्याला मी निराश झालो होतो. दर रविवारी हजार-बाराशेचे डिझेल जात होते आणि प्रगती दिसत नव्हती. त्या दिवशी चाचांनी मला स्टेअरिंगच दिले नाही. त्यांनी स्वतः गाडी पुढून आणून उभी केली, खाली उतरले आणि म्हणाले, "आता तू घे." ती गाडी मी एका प्रयत्नात, फारसे काही न करता दोन रेघांच्या मध्ये नेली. मग त्यांनी मला गाडी पुन्हा बाहेर काढायला लावली आणि सुरुवातीची उभी करण्याची जागा मला निवडायला सांगितली. त्या वेळी मी चार वेळा पुढे-मागे केले आणि तरी बसली नाही. "स्टेअरिंग कुठं बघायलास? तू चुकला तिकडं, गाडी उभी केली तिथं," ते म्हणाले. मला पोळ्याच्या संध्याकाळची बैलगाडी आठवली.

तेव्हापासून आमचा सराव बदलला. मागे घेणे अर्धा वेळ आणि पुढून येऊन उभे करणे अर्धा वेळ. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून डॉक उजव्या हाताला ठेवून यायचे, म्हणजे मागे वळताना खिडकीतून मान बाहेर काढून ट्रेलरची चाके प्रत्यक्ष दिसतात. डॉकच्या ओळीला समांतर, पुरेसे अंतर राखून पुढे जायचे. आपला खांदा आपल्या डॉकच्या पुढे गेला की डावीकडे मोठे वळण घ्यायचे आणि मग उजवीकडे फिरवून घोडा सरळ करत थांबायचे. थांबल्यावर ट्रेलरचे शेपूट आधीच डॉककडे तिरपे पाहत असले पाहिजे. ते तसे नसेल तर मागे घ्यायला सुरुवातच करायची नाही, पुन्हा फेरी मारायची. जागा असताना पुन्हा फेरी मारायला दोन मिनिटे लागतात. वाईट ठिकाणाहून सुरू केलेली गाडी सुधारायला अर्धा तास जातो.

२३ जानेवारी २०२५ रोजी पहिल्यांदा खरा डॉक मिळाला. वाळूजमध्येच निर्यातीचा माल भरायचा होता आणि डबा रिकामा होता. फाटकावर परवाना, गाडीचे नोंदणीपत्र, विमा, फिटनेस आणि पीयूसी दाखवले, कंटेनरचा क्रमांक पडताळला गेला, हेल्मेट, चमकपट्ट्यांचे जॅकेट आणि सेफ्टी शूज असल्याशिवाय आत सोडले नाही. सकाळी नऊला लागलेला नंबर दुपारी सव्वादोनला आला. त्या पाच तासांत मी चार वेळा चालत आत जाऊन डॉक पाहून आलो. शेजारच्या दोन्ही डॉकवर गाड्या लागलेल्या होत्या. हे आधी पाहून ठेवण्याचा मला पुढे फार उपयोग झाला. जमिनीवरचा खड्डा, वाकलेला खांब, पत्र्याच्या छताची उंची, ट्रेलरच्या चाकांच्या वाटेत पडलेले लाकडी पॅलेट हे केबिनमधून दिसत नाही.

मला पंचावन्न मिनिटे लागली. मी सात वेळा गाडी पुढे घेतली आणि नऊ वेळा खाली उतरून पाहून आलो. मागे दोन गाड्या ताटकळत होत्या, त्यांतील एकाने हॉर्न दिला आणि डॉकवरून कोणीतरी ओरडले. मी जिथे उभा राहून ओरडायचो, तशाच जागेवरून तो आवाज येत होता. हात घामाने इतके ओले झाले होते की मी ते पँटला पुसत होतो. चाचा मागच्या उजव्या कोपऱ्याला, माझ्या आरशात सतत दिसतील असे उभे होते. आमचे आधीच ठरले होते की ते आरशातून दिसेनासे झाले तर मी तत्काळ थांबायचे. हा नियम मी आजही सोडलेला नाही. शिकणाऱ्यांनी तो पहिल्या दिवसापासून पाळावा, कारण मागचा माणूस डॉक आणि डबा यांच्या मध्ये सापडला तर त्याला पळायला जागा नसते. शेवटचे चार फूट उरले तेव्हा चाचा खिडकीशी येऊन म्हणाले, "घाई कुणाला आहे? डॉक पळून चाललं का?" त्यानंतर मला हॉर्न ऐकू आला नाही. डॉकच्या कडेच्या रबरी बफरला डबा टेकल्याचा हलका धक्का पाठीला जाणवला, तेव्हा डोळे भरून आले होते. ब्रेक लावला, चाकांना ठोकळे लावले, चावी सुरक्षा रक्षकाकडे जमा केली. लोडिंग चालू असताना गाडी चुकून हलू नये म्हणून चावी घेतात. तो अविश्वास समजून वाद घालू नये.

६ फेब्रुवारीला मात्र चूक झाली. गाडी पहिल्याच प्रयत्नात सरळ बसत होती आणि त्या आनंदात मी कंटेनरची दारे उघडायला विसरलो. ही दारे बाहेरच्या बाजूला उघडतात. म्हणून डॉकपासून बारा-पंधरा फूट अलीकडे थांबून, उतरून, दोन्ही दारे पूर्ण फिरवून डब्याच्या बाजूंना टेकवायची, तिथल्या कड्यांना अडकवायची आणि मग शेवटचे अंतर जायचे असते. भरलेला डबा असेल तर आधी सील क्रमांक दाखवून, नोंद करून, संबंधितांसमोरच ते तोडायचे. मी बंद दारांनिशी टेकलो, आतून शटर उघडले आणि समोर दारे. पुन्हा पुढे घेताना माझे लक्ष विचलित झाले, गाडी किंचित तिरपी परत आली आणि डावा टेल लॅम्प शेजारच्या डॉकच्या लोखंडी कडेला लागून फुटला. साडेआठशे रुपये माझ्या पैशांतून गेले. मालकांनी अडीचशे माफ करण्याची तयारी दाखवली होती, ती मी घेतली नाही. तेव्हापासून दारांसाठी मी ठरवून एक जागा निवडतो आणि तिथे न चुकता थांबतो.

मार्च आणि एप्रिलमध्ये निरनिराळे डॉक पाहिले. उताराचे डॉक सर्वांत फसवे असतात. जमीन इमारतीकडे उतरत गेली असेल तर डबाही इमारतीकडे झुकतो आणि खालचा बफर टेकण्याआधीच डब्याची वरची कड भिंतीला किंवा छताच्या पत्र्याला लागू शकते. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच असतो आणि हाय क्यूब साडेनऊ. तो एक फूट तिथे फार मोठा ठरतो. अशा ठिकाणी मागच्या माणसाने चाकांकडे न पाहता वर पाहायचे असते. पश्चिमेकडून ऊन येत असेल तर संध्याकाळी पाचनंतर उजवा आरसा नुसता लखलखतो. उन्हाळ्यात मी अशा वेळी डोळ्यांवर ताण देण्याऐवजी प्रत्येक दहा फुटांना उतरून पाहिले. रात्री डॉकची कड दिसत नाही, म्हणून रस्त्यावरचा एक परावर्तक शंकू बरोबर ठेवतो आणि तो कडेच्या कोपऱ्याशी उभा करतो. दीडशे रुपयांचा तो शंकू माझ्या मते सर्वांत सार्थकी लागलेला खर्च आहे.

डावीकडून लावणे, म्हणजे आंधळ्या बाजूने, हे मात्र अजून मला भीतीदायक वाटते. ट्रेलर डावीकडे वळला की डाव्या आरशात फक्त डब्याची भिंत दिसते आणि चाके नाहीशी होतात. शेंद्र्याच्या एका आवारात जागाच अशी होती की दुसरा मार्ग नव्हता. त्या दिवशी चाचांनी स्वतः लावली आणि मला बाहेर उभे करून इशारे द्यायला लावले. बाहेरून इशारे देताना मला कळले की मागे उभ्या असलेल्या माणसाने "येऊ दे, येऊ दे" म्हणत राहण्याचा उपयोग नसतो. किती अंतर उरले ते हाताने दाखवले पाहिजे आणि थांबण्याचा एकच, दोघांना आधी ठाऊक असलेला इशारा असला पाहिजे. पुढे मी आंधळ्या बाजूने दोनदा लावली आहे, दोन्ही वेळा पाऊण तासाहून अधिक वेळ घेऊन. शक्य असेल तिथे मी आजही आवाराला पूर्ण वळसा घालून उजवी बाजू मिळवतो.

वीस फुटी डबा आखूड ट्रेलरवर असेल तर तो सोपा असेल, असा माझा समज होता. तो फार चपळ असतो. चाळीस फुटीवर जी चूक दिसायला वेळ लागतो, ती वीस फुटीवर लगेच समोर येते आणि तितकीच लगेच हाताबाहेर जाते. चाचांनी मला आधी लांब ट्रेलरवर का शिकवले, ते मला एप्रिलमध्ये समजले.

प्रतीक्षेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिचा लावण्यावर परिणाम होतो. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन वाहतूक-पत्राची, मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. गोदामात आठ-दहा तास गेले की ड्रायव्हरच्या मनात ती मुदत टिकटिकत राहते आणि मग लावताना घाई होते. मी आता आत जाण्याआधी बिलाची वेळ पाहून, ती संपत येत असेल तर मालकांना आधीच फोन करून ठेवतो, म्हणजे मुदतवाढीची काळजी माझ्याबरोबर केबिनमध्ये नसते. पाणी, भाकरी आणि चटणी बरोबर ठेवतो. भुकेने आणि उन्हाने थकलेल्या अवस्थेत नंबर लागला, तर पाच मिनिटे सावलीत उभे राहून मगच गाडी सुरू करतो.

परवान्यापासून स्वतंत्र फेरीपर्यंतचा माझा खर्च असा झाला: स्कूल, वैद्यकीय आणि सरकारी शुल्क मिळून सव्वाचौदा हजारांच्या आसपास, अकरा रविवारांचे डिझेल सुमारे बारा हजार, फुटलेला दिवा, शंकू, बूट आणि जॅकेट मिळून अडीच हजार. सात महिने उत्पन्न कारकुनीपेक्षा कमी होते. त्या काळात घरखर्च बायकोच्या शिवणकामावर चालला. ज्यांच्यावर कुटुंब अवलंबून आहे, त्यांनी या महिन्यांची तजवीज आधी करावी, नाहीतर तयारी होण्याआधी एकट्याने गाडी घेण्याचा मोह होतो.

१४ मे २०२५ रोजी मी चाचांशिवाय पहिली फेरी केली. बरोबर एक नवा क्लीनर होता, वैजापूरकडचा, एकोणीस वर्षांचा. निघण्यापूर्वी मी त्याला मागच्या उजव्या कोपऱ्यात नेमके कुठे उभे राहायचे ते दाखवले, आणि मी केबिनमध्ये बसून तो आरशात दिसतो का ते दोनदा पाहिले. दुपारी गोदामाचा नंबर लागला. फाटकातून आत गेल्यावर मी गाडी बाजूला थांबवली आणि आम्ही दोघे डॉकपर्यंत चालत गेलो. एका कोपऱ्यात पॅकिंगची लोखंडी पट्टी पडली होती, ती त्याने उचलून कडेला टाकली. मी पहिल्यांदा उभी केलेली जागा मला पटली नाही, म्हणून एक पूर्ण फेरी मारून पुन्हा आलो. बारा फूट अलीकडे थांबून दारे उघडली, कड्या अडकवल्या. एकदा पुढे घ्यावे लागले. डबा बफरला टेकला तेव्हा घड्याळात एकोणीस मिनिटे झाली होती. क्लीनरने ठोकळे लावले, मी चावी जमा करून तिची नोंद वहीत सही करून घेतली आणि चाचांना फोन लावला. "दारं उघडली होती का?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "हौ," मी म्हणालो.